नाताळपर्यंत मुरवलेली बियर

आमच्या घरात खायची-प्यायची नवी वस्तू आधी माझ्या जिभेवर येते. कोकमाचं आगळ, कैरीचं लोणचं, नाताळची वाईन, सगळंच. कोणी तसं ठरवलेलं नाही, होत गेलं. मला खोटं बोलता येत नाही म्हणून असेल. तेव्हा पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, सुट्टीच्या दिवशी मित्राच्या ब्रुअरीत जाऊन बियर करू लागला, तशी ती माझ्याकडे येणारच होती.

त्या बियरला म्हणे इंडिया पेल एल म्हणतात. नावात इंडिया, आणि तिच्यात घालायची हॉप्सची कडू फुलं परदेशातून आणायची. असो. मे महिन्यात त्याने गावी, देवबागला, आपल्या आईच्या घरी खोकाभर बाटल्या आणून ठेवल्या. मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला लेकीकडे होते. "मावशी इली की तिका दी," एवढं आईला सांगून तो गेला. मी बियरला बरी म्हटलं तर नोकरी सोडून हाच धंदा करायचा, हे त्याच्या मनात होतं. हे मात्र त्याने कोणालाच सांगितलं नाही.

मी परत आले, पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. बहिणीने बाटल्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. भाच्याने माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावला की मावशीला आवडली नाही आणि ती माझं मन राखतेय. मी आणि मन राखायला गप्प बसणार? जन्मापासून मला ओळखतो हा मुलगा.

शेवटी नाताळला जेवायला बसलो तेव्हा बहीण चुलीवरच्या माळ्यावरून खोका उतरवून घेऊन आली. बाटल्या फडक्याने पुसत होती, तोंडावर कौतुक मावत नव्हतं.

भाचा उभाच राहिला. "आये, ही अजून आसा?"

"मगे? नाताळाक काढुची म्हणान ठेवलंय. बरी मुरली आसतली."

आमच्याकडे चांगली बाटली नाताळाआधी उघडतच नाहीत. वाईन काय, काजूची दारू काय, जितकी थांबवाल तितकी गोड. बहिणीने लेकाच्या बियरलाही तोच मान दिला होता.

"ही मुरना नाय गो, मरता," तो म्हणाला. मग फुलांचा वास कसा उडतो, ही ताजीच कशी प्यायची, उकाड्यात ती कशी लवकर उतरते, हे सगळं ताटं वाढलेली असताना सांगत बसला. कोंबडीची शाकुती निवत होती. मेव्हणा म्हणाला, "माका दी, माका कसलीय चलता." म्हटलं, "तुमका फिनेल दिला तरी चलतला, तुम्ही गप बसा." आणि मी ग्लास पुढे केला.

ओला पुठ्ठा चावावा तशी लागली. त्यावर जुनाट मध चाटल्यासारखी गोडी, आणि कडूपणा कुठेतरी मागे, पाहुण्यासारखा अंग चोरून. तसंच सांगितलं. बहीण रडवेली झाली, भाचा आईवर चिडला, मेव्हण्याने माझा ग्लास संपवला.

मग भाचा गाडीतल्या बर्फाच्या पेटीतून ताजी बाटली घेऊन आला. आता आधी हुंग, मग फिरव, मग घोट घे, अशी शिकवणी सुरू झाली. सत्तरीत मला प्यायला शिकवतोय. पण ग्लासाशी नाक नेलं आणि पुन्हा एकदा नेलं. रायवळ आंब्याची साल नखाने खरवडली की येतो तो वास, चिकासकट. मागून ईडलिंबाचं पान. घोट घेतला तर कडू, चांगलाच कडू, पण तोंड स्वच्छ करून जाणारा. शाकुतीचं तिखट मात्र त्याने दुप्पट पेटवलं. डोळ्यांतून पाणी आलं.

"रडतंस कित्याक?" बहीण म्हणाली.

"तुझ्या मिरशांगांनी," मी म्हटलं. "बरी आसा रे. खराच बरी आसा. फकत तिखटावांगडा देऊ नको."

त्याचा चेहरा असा उजळला की पुढचं बोलावंसं वाटेना. पण तोपर्यंत नोकरी सोडून हाच धंदा करायचं त्याने सांगून टाकलं होतं, राजीनामा कधी द्यायचा इथपर्यंत. मग गप्प कशी राहू?

"हयसर बियर इकतलंस तर घराघरात तुझी आयच बसलली आसा," मी म्हटलं. "सगळीजणा नाताळाक, जत्रेक, पावण्यांक म्हणान ठेवतली. लाईट जातली, फ्रीजात बांगडे भरलेले आसतले. मगे मे महिन्यात दिलली बियर डिसेंबरात पितले आणि नावां तुका ठेवतले. त्याचा काय करतलंस?"

"मावशे, तू बरी म्हणालंस ना?"

"म्हणालंय. बियर बरी आसा. नोकरी सोड असा म्हणूक नाय."

तो ताटातली शाकुती नुसती चिवडत बसला. बहीण मला म्हणाली, पोराचं तोंड पाडलंस. मेव्हणा म्हणाला, दुसरी बाटली काढा. मला तिघांचाही वैताग आला.

निघायच्या आधी मी पायरीवर टेकले, तर भाचा माझ्या शेजारी येऊन बसला. राजीनामा पावसाळ्यापर्यंत थांबवतो म्हणाला. तोवर दर महिन्याला एक खोका पाठवणार, तो आईने तिच्या मनाला येईल तिथे ठेवायचा आणि मी चाखायचा, म्हणजे बियर कुठे किती टिकते ते त्याला कळेल.

"म्हणजे अजून सा महिने पुठ्ठो खाव?" मी विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. वर हसला मेला.