पाचवीची ओटी

सूतिकागृहातली नोकरी मला मिळाली ती माझ्या नवऱ्यामुळे. त्यानं मला टाकून सहा वर्षं झाली होती. मोडनिंबला घरात दुसरी आणली आणि मला सर्व्हिस मोटारीत बसवून सोलापूरला भावाकडे लावून दिलं. नंतर एक पोस्टकार्डसुद्धा लिहिलं नाही. पण तो जिवंत होता. मला त्याचा उपयोग तेवढाच.

तेव्हा विधवांचं भलं करण्याची टूम निघाली होती. त्यांना नर्सचं आणि सुईणीचं शिक्षण द्यायचं, म्हणजे त्या आपल्या पायावर उभ्या राहतील, असं शहाण्या लोकांनी ठरवलं होतं. बाळंतिणीच्या खोलीत विधवेचं तोंड कोणाला चालत नाही, हे त्या शहाण्यांच्या बायकांना माहीत होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आम्ही नऊजणी पास झालो, त्यांतल्या सात विधवा. आमच्या आधी पास झालेल्या अजून सर्टिफिकिटं घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत होत्या. एक तर डॉक्टरांच्या घरी त्यांची मुलं सांभाळत होती. पेठेतल्या घरांना आपापल्या सुईणी होत्या. गिरणीकडच्या तेलुगू विणकर बायकांनाही त्यांच्या भाषेत ओरडणारी म्हातारी हवी असे, पांढऱ्या लुगड्यातली नर्स नको.

अशात नव्या सूतिकागृहात एक जागा निघाली. कमिटीनं दोघींना महिनाभर कामावर ठेवून बघायचं ठरवलं. एक मी, दुसरी माझ्याच वर्गातली, सांगोल्याकडची. तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो होतो. माझ्या तापात तिनं माझं डोकं धुतलं होतं. पहिल्या दिवशी ती कपाळाला कुंकू आणि हातात हिरव्या बांगड्या घालून आली. ती शिकायला येण्याआधीच तिचा नवरा वारला होता.

"सांगू नगंस," ती म्हणाली. "परत गेले तर दीर शेरडामागं घालतोय मला."

नाही सांगणार, म्हणाले. तेव्हा मनापासून म्हणाले.

तिच्या हाताला गुण होता, हे मी आज कबूल करते. तेव्हा केलं नसतं. तिसऱ्या आठवड्यात एका व्यापाऱ्याची सून अडली. मूल पायाळू. माझे हात चालेनात. तिनं मला बाजूला केलं आणि बोलत बोलत, त्या पोरीला माहेरचं गाव विचारत, मूल मोकळं केलं. कमिटीच्या अध्यक्षीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जागा कोणाची हे मला कळलं. भावजयीनं मला सांगूनच ठेवलं होतं की महिन्यानंतर माझी ट्रंक तिला घरात नको.

आमच्या सूतिकागृहाची एक रीत होती. बायका पाचवी घरी करायची म्हणून चौथ्या दिवशीच पळून जात, म्हणून कमिटीनं पाचवी तिथंच करायला सुरुवात केली. भर दुपारी, कारण कमिटीच्या बायकांना दिवेलागणीला घरी जायचं असे. पाटा-वरवंटा मांडायचा, त्यावर नाळ कापलेली कात्री ठेवून पूजा करायची, आणि जिनं नाळ कापली तिची ओटी भरायची. त्या पायाळू मुलाच्या पाचवीला अध्यक्षीणबाई तांदूळ आणि खण घेऊन उभ्या राहिल्या. तिनं पदर पसरला. तिला आनंद लपवता येत नव्हता.

"बाई, तिची ओटी भरू नका," मी म्हणाले. "तिचा नवरा वारलाय."

मुलाच्या आजीनं मूल उचललं आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चार दिवसांपूर्वी तिनंच माझ्या मैत्रिणीच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. अध्यक्षीणबाईंनी पाटा पुसायचं ओलं फडकं घेतलं आणि तिचं कपाळ पुसलं, एकदा पुसून भागलं नाही म्हणून पुन्हा पुसलं. ती हलली नाही. मग हात आवळून तिनं एकेक बांगडी काढली, एकही फुटू न देता, आणि माझ्यापुढे धरली.

"घे," म्हणाली. "लागतील तुला."

मी घेतल्या नाहीत. ओटी मात्र घेतली, कारण ताट मांडलेलं होतं आणि कोणाची तरी भरायलाच हवी होती. नाळ तिनं कापली होती. जागा माझी झाली.

तिला पुढे कोणी उभं केलं नाही. हिंडत हिंडत ती मोडनिंबला गेली आणि तिथल्या वाड्यावस्त्यांवर सुईणपण करू लागली, असं कानावर आलं. माझ्याच सासरच्या गावी जाऊन राहिली याचा मला रागच आला.

दोन वर्षांनी ती आली. अडलेली बाई घेऊन मोटारीनं आली होती. बाई आत नेल्यावर ती पाचवीच्या खोलीच्या दाराशी थांबली. उघडं कपाळ, उन्हानं रापलेली. आत पाटा मांडून झाला होता, त्या दिवशी ओटी माझी होती. तिनं मला हळूच बाजूला घेतलं.

"तुझा मालक गेला," ती म्हणाली. "आज आठवा दिस. दुसरीचं बाळातपण करायला गेलते, तवा त्यो तापात पडलेला. मीच हुते उशाशी."

मला रडू आलं नाही. माझा हात आधी कपाळाकडे गेला, तो तिनं पाहिला.

एवढ्यात अध्यक्षीणबाई ताट घेऊन आल्या. त्यांनी तिला ओळखलं नाही. मोडनिंबची बाई आहे हे कळल्यावर मला म्हणाल्या, तुझं सासरचंच गाव ना, काय म्हणतात घरची मंडळी? ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिनं एक शब्द उच्चारला असता तर ते ओलं फडकं तिथंच पडलेलं होतं.

"खुशाल आहेत सगळे," मी म्हणाले.

अध्यक्षीणबाईंनी मला कुंकू लावलं आणि तांदळाची ओंजळ भरली. मी पदर पसरला. पदराचं एक टोक माझ्या हातातून सुटलं आणि दाणे जमिनीवर पडू लागले. ती पुढे झाली, खाली वाकून तिनं दाणे गोळा केले आणि माझ्या पदरात टाकले.

"नीट धर," ती म्हणाली. "आता जलमभर धरायचाय."