अक्काचे वाजणारे बूट

दादाचा फोन आला तेव्हा मी पीठ मळत होते. "अक्का गेली," एवढंच तो म्हणाला. मला रडू आलं नाही. मी आधी विचारलं, "आत होती का बाहेर?" दुसऱ्या कुणाच्या घरी असा प्रश्न कुणी विचारणार नाही, पण आमच्या घरात तोच पहिला प्रश्न होता. दादा म्हणाला, "जिन्यात..." नांदेडहून लातूरला जाईपर्यंत बसमध्ये तो एकच शब्द माझ्या डोक्यात फिरत होता. अक्का इतक्या वर्षांत कधी स्लॅबखाली झोपली नव्हती. ती जिन्यात कशाला गेली?

अक्का आमची सगळ्यात मोठी बहीण. तिला औशाच्या पुढच्या एका गावात दिलं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे ती एकटीच अंगणात होती. घरातले सगळे गणपती बुडवून उशिरा येऊन झोपलेले. पायाखाली मोठं जातं फिरावं तसा आवाज आला, असं ती सांगायची. पण ती नवी सून. सासरा झोपलेला असताना ओरडायचं कसं, म्हणून तिने घेतलेला श्वास तसाच धरून ठेवला. तेवढ्यात दगडमातीचं घर खाली बसलं. सासू, सासरा, नवरा, कुणी राहिलं नाही. "हाक तोंडात होती गं माझ्या," एवढंच ती म्हणायची, आणि मग दिवसभर बोलायची नाही.

दादाने तिला लातूरला आणलं. त्याच्या पक्क्या घरात ती झोपेना, म्हणून अंगणात पत्र्याचं शेड घालून दिलं. तिथे ती उशाशी पेल्यांवर पेले उलटे रचून ठेवायची. जमीन हलली तर पेले पडतील आणि आवाज होईल, म्हणून. त्या काळी तिकडे बऱ्याच घरांत असं करायचे, पुढे लोक विसरले. अक्का विसरली नाही. मांजर गेलं तरी पेले पडायचे आणि अक्का गल्ली उठवायची, "बाहेर या! बाहेर या!" शेजारी तिला भोंगा म्हणायचे. मी अगदी उलटी. एकदा हदगावहून येताना मला अर्धापूरला उतरायचं होतं, पण कंडक्टरला हाक मारायची लाज वाटली आणि थेट नांदेड आलं. अक्काला हे सांगितलं तर ती हसून म्हणाली, "तुझी हाक डब्यात घालून ठेवलीस काय गं? मुंग्या लागतील."

पुढे लातूरला क्लासेसचं वारं आलं. गावोगावच्या पोरी डॉक्टर व्हायला येऊ लागल्या. दादाने वर खोल्या काढल्या, खाली मेस सुरू झाली आणि स्वयंपाक अक्काकडे आला. हिमायतनगरची असो नाहीतर उदगीरची, सगळ्या तिला अक्काच म्हणायच्या. ती त्यांना गरम भाकरी वाढायची, पण वर खोल्यांत कधी गेली नाही. जिन्याच्या पायरीवर तिने पाय ठेवलेला मी पाहिला नाही.

दादाची मुलगी मेघा नांदेडला माझ्याकडे राहून इंजिनिअरिंग शिकत होती. तिने कॉलेजात एक बूट बनवला. दिसायला साधा कापडी जोड, पण तळव्यात तारा आणि पातळ चकत्या बसवलेल्या. घालून चाललं की पायाची हालचाल एका छोट्या डबीला कळायची आणि डबी वाजायची. टाच टेकली की पेटीचा जाड सूर, चवडा टेकला की घुंगरू. मोबाईलवर बोट फिरवलं की ढोलकी. नाचणाऱ्यांसाठी होता तो, पाय हलतील तसं गाणं तयार व्हायचं. सुट्टीत आम्ही दोघी तो घेऊन लातूरला गेलो.

"मोठी आत्या, घाल की. तुझा पाय जड हाय, चांगलं वाजंल."

"म्हातारीला बूट घालून तमाशात उभी करतीस व्हय गं?"

पोरींनी धरून बसवलं आणि बूट चढवले. अक्का चुलीपासून नळापर्यंत गेली आणि खरंच गाणं झालं. ती थबकली, पुन्हा चालली, मग मुद्दाम टाच आपटून बघितली. पोरी टाळ्या वाजवत होत्या. अक्का तोंडाला पदर लावून हसत होती. तिच्या लग्नानंतर तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग तिने बूट काढून शेडमध्ये भिंतीशी ठेवले. पोरी अभ्यासाला वर गेल्या. आम्ही शेंगा निवडत बसलो होतो आणि डबी वाजली... पेटीचा जाड सूर. बुटांत कुणाचेच पाय नव्हते. अक्काच्या तोंडावरचं हसू गेलं. ती उठून ओरडली तेव्हा पोरी पुस्तकं घेऊन धावत खाली आल्या.

"आत्या, शेजारची मशीन हाय ती," मेघा म्हणाली. शेजारी नव्या क्लासच्या इमारतीसाठी खोल खड्डा खणत होते, अगदी आमच्या भिंतीला लागून. "चकत्यांना जमिनीची थरथर कळती, दुसरं काय न्हाई."

"कळती न्हवं? मग राहू दे इथंच."

"खेळणं हाय ते. भूकंप सांगायचं यंत्र न्हाई."

"माझे पेले तरी कुठं यंत्र होते?"

त्या दिवशी पेले स्वयंपाकघरात परत गेले आणि बूट उशाशी आले.

त्यानंतर मशीन चालली की डबी वाजायची आणि डबी वाजली की अक्का ओरडायची. पहिल्यांदा पोरी खाली यायच्या. मग खिडकीतून बघू लागल्या. मग कानात कापूस घालून बसू लागल्या. दादा हैराण झाला. "अक्का, परीक्षा तोंडावर आली. पोरींचे आईबाप मला फोन करायलेत. बंद कर ती डबी."

"खड्ड्याकडच्या खोल्या रिकाम्या कर, मग करते बंद."

"आणि पोरींना ठेवू कुठं? तुझ्या पत्र्याखाली?"

"ठेव की. पत्रा पडला तर टेंगूळ येतं नुसतं."

दादा हसला नाही. मी शेवटची भेटले तेव्हा अक्काने मला त्या भिंतीपाशी नेलं आणि माझा हात भिंतीवर ठेवला. "लागतंय काही?" मला काही लागलं नाही. "मलाबी हाताला न्हाई लागत," ती म्हणाली. "पायाला लागतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी गेल्यावर ह्या पोरींना हाक कोण मारंल गं?" मी खाली बघितलं.

ती गेली त्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला मजूर काम करत नाहीत, त्यामुळे मशीन बंद होती. तरी डबी वाजली, असं पोरी सांगतात. अक्काने अंगणातून हाका मारल्या. कुणी आलं नाही, नेहमीचंच म्हणून. तेव्हा ती जिना चढू लागली. अर्ध्यावर बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल...

तेराव्याला आम्ही सगळे अंगणात होतो. परीक्षा जवळ, म्हणून पोरी वरच होत्या. दादाने विनंती केली म्हणून शेजारचं काम त्या दिवशी बंद होतं. बूट शेडमध्ये होते तिथेच होते. ते मुके बघवेनात म्हणून मेघाने चार्ज केले होते. ताटं वाढत होतो आणि डबी वाजली. जाड, लांबलचक सूर, थांबता थांबेना. सगळ्यांनी ऐकला. दादाने भिंतीकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मी उठून कधी उभी राहिले ते मला कळलं नाही.

"पोरींनो, बाहेर या! खाली या सगळ्या!"

तो आवाज मला माझा वाटला नाही. पोरींनाही तो ओळखीचा नसावा, म्हणूनच त्या अनवाणी धावत आल्या. अंगणात दाटीवाटीने उभ्या राहिल्या. डबी थांबली. काही पडलं नाही, काही हललं नाही. जरा वेळाने दादा म्हणाला, "झालं? आता चला वर." एकही पोर हलली नाही. दादा स्वतः जिन्याकडे गेला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला... आणि काढून घेतला. संध्याकाळपर्यंत खड्ड्याकडच्या खोल्या रिकाम्या झाल्या.

भिंत अजून उभी आहे. तिच्यावर वरपासून खालपर्यंत बारीक चीर आली आहे, असं मेघा सांगते. दादाने दोनदा चुना लावला, चीर पुन्हा दिसते. कदाचित कधीच काही होणार नाही.

बूट मी नांदेडला आणले. दाराशी भुईवर ठेवले आहेत. टाचा एका बाजूला झिजल्या आहेत, ती त्यांत इतकी थोडी चालली होती, तरी. मी रोज त्यांना चार्ज लावते आणि जवळून जाताना पाय हलका टाकते. अजून तरी डबी गप्प आहे. पण भाकरी थापताना कधी कधी माझा हात थांबतो. मग लक्षात येतं, मी श्वास घेऊन धरून ठेवला आहे आणि हाक तोंडात आहे...