भोकरदनचा टॉवेल

सकाळीच सारिकाचा फोन आला. "बाराच्या आत ये आणि बाबांशी बोल. एकदा सुपारी फुटली की मी तोंड उघडणार न्हाई."

कॉलेजात फिजिक्सला आम्ही सोबत होतो. मी एका सरांच्या अंगावर धावून गेलो आणि दुसऱ्या वर्षीच कॉलेज सोडलं. ती शिकत राहिली. फोन ठेवला, सळयांच्या मिलमधली माझी पाळी बुडवली, मोटरसायकल काढली.

मे महिन्यात जालन्याहून भोकरदनला जायचं तर उजाडताच निघा आणि पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळा. मी दोन्ही केलं न्हाई. जुना जालना मागं पडेपर्यंत बाटलीतलं पाणी चहासारखं झालं. राजूरच्या अलीकडं डांबरावर पाणी चमकत होतं. तापल्या रस्त्यावरची हवा विरळ होते, वरून येणारा उजेड तिच्यात वाकून डोळ्यात शिरतो. दिसतो तो आभाळाचा तुकडा. सारिकानंच समजावलं होतं. राजूरला उसाचा रस प्यालो. रस चांगला मिळतो, बर्फ कमी टाकायला सांगा. उभ्या उभ्या तिच्या वडलांशी बोलायची वाक्यं जुळवली.

भोकरदनला तिच्या दारात पोचलो आणि मागोमाग मुलाकडची जीप आली. तिच्या चुलत्यानं माझा हात धरला. "पाव्हणे, गाडीवर आलात? लई ऊन खाल्लं." मी तोंड उघडेपर्यंत सतरंजीवर बसवलं, कपाळाला गंध लावलं. मुलाकडच्या सगळ्यांसारखा मलाही टोपी-टॉवेलचा आहेर. टोपी तिच्या वडलांनी स्वतः घातली.

"तुम्ही पोराचे कोण?" त्यांनी हात जोडून विचारलं.

हात जोडलेल्या माणसावर ओरडता येत न्हाई. "मित्र," मी म्हणालो.

"आमच्या सारिकाला संभाळून घ्या."

"हो."

सुपारी फुटली. सारिका दारात उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडं न्हाई, टोपीकडं पाह्यलं आणि आत गेली.

येताना तो टॉवेल भिजवून बाटलीला गुंडाळला. घरी पोचलो तेव्हा पाणी गार होतं. पाण्यातले जोरात धावणारे कण आधी उडून जातात, उष्णता घेऊन जातात, हेही तिनंच शिकवलेलं. "अन् मागं राहतात त्यांचं काय?" मी विचारलं होतं.

"ते गार पडतात," ती हसून म्हणाली होती.

परवा मिलमध्ये मुकादमानं आईवरून शिवी दिली. मी सळया ओढत राह्यलो.