दाव्यासकट

बेस गिटारीचे दात बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गिटारीला दात नसतात हे मलाही कळतं. पण मामांच्या हातात नवी गिटार आली की ते ती आधी वाजवायचे नाहीत. भिंतीला उभी करायचे, चार पावलं मागं सरायचे आणि तिच्याभोवती या अंगानं त्या अंगानं फिरायचे. पाठीवर थाप मारायचे, मानेवरून उलटा हात फिरवायचे. मग वरच्या चार खुंट्या एकेक पिळून बघायचे आणि म्हणायचे, "चौसा हाय. चारी दात आल्यात. भर वयातलं जनावर." तोवर इकडे पडदा वर जायची वेळ झालेली असायची आणि आमचे मास्तर अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवून घामानं भिजलेले असायचे.

मास्तर दिवसा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा चालवायचे. मी त्यात गायची. मामा बेस वाजवायचे. ते मास्तरांच्या बायकोचे लांबचे मामा, म्हणून आम्हा सगळ्यांचेच मामा. मूळचे कुरुंदवाडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या हेड्यांचा धंदा, म्हणजे बैलांची दलाली. मामांनी तो सोडून शाहूपुरीत पेंडीचं दुकान टाकलं, असं आपलं म्हणायचं. धंदा सोडला, पण धंद्यानं मामांना सोडलं नाही. बैलांच्या जागी गिटारी आल्या, एवढाच काय तो फरक.

बरं, साध्या गिटारी नव्हेत. कारखान्यातली गिटार मामांना दुकानाच्या पायरीवरसुद्धा चालायची नाही. "एका साच्यातनं शंभर निघत्यात," ते म्हणायचे. "त्यातली एक मेली तर बाकीच्यांस्नी पत्ता बी न्हाई." त्यांना हवी हातानं केलेली. गोव्याच्या कुठल्याशा सुतारानं मोतीकाम करून घडवलेली, नाहीतर कलकत्त्याहून सर्कशीच्या बँडबरोबर आलेली. रविवारी सकाळी दुकानात सांगली, इचलकरंजी, निपाणी, बेळगाव इथले बेसवाले आपापल्या गिटारी घेऊन जमायचे. पेंडीच्या पोत्यांना टेकवून त्या ओळीनं उभ्या करायचे आणि तासन्‌तास नुसते बघत बसायचे. वाजवायचं कुणी नाही. गिऱ्हाईक सरकी पेंड मागायला यायचं आणि कंटाळून शेजारच्या दुकानात जायचं. मामींनी या सगळ्यापुढं केव्हाच हात टेकले होते.

मामांनी कधी गिटार विकली नाही. बदलायचे. "पैशानं घेतलेलं जनावर परकं ऱ्हातंय. बदलून घेतलं की घरचं हुतंय," हे त्यांचं तत्त्वज्ञान. आणि बदलायची रीत बाजारातलीच. दोघांच्या हातांवर पंचा टाकायचा आणि आत बोटं दाबून बोलणी करायची. बाहेर तोंडानं बायकापोरांची खुशाली चाललेली. गिटारीला गिटार, शिवाय वर काय द्यायचं ते बोटांनी ठरायचं. एक बोट म्हणजे तारांचा सेट. दोन बोटं म्हणजे गिटार ठेवायची पेटी. अख्खा पंजा दाबला तर अ‍ॅम्प्लिफायर. ज्याला सौदा नको त्यानं हात काढून घ्यायचा. हात आत आहे तोवर बोलणी चालू. एकदा बेळगावच्या एका गड्याला मामांनी रंगाच्या भरात पंजा दाबला. मामांकडे स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर कधीच नव्हता. होता तो मास्तरांचा. तो गडी सोमवारी टेम्पो घेऊन मास्तरांच्या दारात उभा राहिला, तेव्हा मास्तरांना काय झालं असेल याची कल्पना करा.

या माणसाचा मला काय ताप होता ते सांगते. माझा आवाज खालचा. त्या काळात बायकांनी गायचं ते वरच्या पट्टीत, बारीक आवाजात. मला तीन ऑर्केस्ट्रांनी "बाई, आवाज पुरुषी आहे" म्हणून परत पाठवलं होतं. मास्तरांनी घेतलं, तेही चार गाण्यांपुरतं. खालच्या आवाजाला खालून आधार लागतो. बेस नीट असला तर माझा आवाज जमिनीवर पाय रोवून उभा राहायचा. बेस लटपटला की मी लोकांना घोगरी वाटायची. आणि आमच्या बेसचा भरवसा काय, तर दर कार्यक्रमाला गिटार वेगळी. आज एकीची सवय होतेय तोवर उद्या दुसरी दारात. राधानगरीला भर पावसाळ्यात कार्यक्रम होता. मामांनी आदल्या दिवशी एक नाजूक गिटार बदलून आणली. तिथल्या दमट हवेत तिची मान वाकली आणि गाण्याच्या मध्येच तारा फरफरायला लागल्या. लोक हसले ते मला. खाली उतरल्यावर मी मामांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गिटारीचा घाम पुसला आणि म्हणाले, "पाणी लागलं की बसतंय हे जनावर. बाजारात कळत न्हाई बघ, आक्का, ही खोड."

मी काय बोलत होते आणि हा माणूस काय बोलत होता.

त्यांच्या दुकानातल्या आतल्या भिंतीवर खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीला गिटारीचा एकेक पट्टा लटकलेला. चामड्याचे, कापडी, एक तर नुसती काढणी, म्हणजे जनावराची दोरी, पिळून केलेला. गिटार जायची, गळ्यात अडकवायचा पट्टा मामांकडे राहायचा. नवा मालक कुरकुरायचा, पण मामा द्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "मामा, हे जुने पट्टे कशाला गोळा करून ठेवलेत? वास मारतात." मामा म्हणाले, "जनावर दिलं तरी दावं द्यायचं नसतंय. दावं गेलं की गोठ्याची लक्ष्मी गेली. घेणाऱ्यानं आपलं दावं घिऊन यायचं." मग जरा थांबून म्हणाले, "आंदण दिलं तरच दाव्यासकट. लेकीच्या मागनं गाय धाडतात, तवा दावं सोडत न्हाईत." मी म्हटलं, बरं.

मग तपकिरी आली. मिरजेत सतारी करणारे एक चाचा होते. मामा रेल्वेनं सारखे त्यांच्याकडे जायचे आणि त्यांनी मामांसाठी तुणीच्या लाकडाची एक बेस घडवली. सतारीच्या लाकडाची बेस, चाचांनी त्याआधी कधी केलेली नव्हती. तिच्या पाठीवर एक गाठ आली होती. लाकडाच्या रेषा त्या गाठीभोवती भोवऱ्यासारख्या फिरल्या होत्या. चाचा म्हणाले, दुसरी फळी घेतो. मामा म्हणाले, "हात लावू नका. ही गोम हाय. मानंखाली डाव्या अंगाला गोम असलेला बैल मालकाला कधी उपाशी ठेवत न्हाई." बैलाच्या अंगावरच्या केसांचा भोवरा म्हणजे गोम; आता लाकडालाही गोम निघाली.

पण खरं तेच सांगते. त्या गिटारीचा पहिला स्वर मी ऐकला तेव्हा मला माझ्या आवाजाची पहिल्यांदा लाज वाटली नाही. तिचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त कळायचा. त्या संध्याकाळी माझ्या गाण्याला वन्समोअर आला. मास्तरांनी माझी चार गाणी सहा केली. मी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, बाकीच्या शंभर बदला. ही नाही." मामा म्हणाले, "आक्का, तुझ्या गळ्याची आण. बदलीन तर नावाचा हेडी न्हाई."

बदलली. तुम्हाला वाटलं नाही बदलणार? एका साखर कारखान्याचा कार्यक्रम होता, आमचा तोवरचा सगळ्यात मोठा, आणि मामा पांढरीशुभ्र, मोतीकाम केलेली गोव्याची गिटार गळ्यात घालून आले. दिसायला नवरी. आवाज रिकाम्या डब्याचा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "तपकिरी कुठाय?" मी विचारलं. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघ की, काम कसं केलंय मोत्याचं." दुसऱ्या गाण्यानंतर मास्तरांनी माझी पुढची गाणी काढून टाकली आणि ते चूक नव्हते. मी सहा महिने मामांशी बोलले नाही. तालमीला यायची, गायची, जायची.

त्या सहा महिन्यांत आणि नंतरही मामा काय करत होते ते मला मामींकडून कळलं. तपकिरी निपाणीला गेली होती. तिथल्या गड्यानं ती कुणाला दिली, त्यानं पुढं कुणाला दिली. मामा दर रविवारी एसटीनं तिच्या मागं. पांढरी देऊन दुसरी घेतली, ती देऊन तिसरी, कारण पुढच्या मालकाला तीच हवी होती. शेवटी तपकिरी सापडली तेव्हा ती तपकिरी राहिलीच नव्हती. कुणीतरी तिला लालभडक रंग फासला होता. मामांनी डोळे मिटून पाठीवरून हात फिरवला आणि रंगाखालची गोम बोटाला लागली. मी दुकानात गेले तेव्हा ते पोत्यावर बसून पॉलिशपेपरनं रंग खरवडत होते. हात लाल, धोतर लाल, पेंडसुद्धा लाल. माझ्याकडे बघून म्हणाले, "बैल चोरीला गेला की असा रंगवत्यात." चोरीला कुठला? स्वतःच तर दिला होता. पण मी तेव्हा भांडले नाही. दुसरा पॉलिशपेपर घेतला आणि शेजारी बसले.

त्यानंतर बरी वर्षं गेली. मग मास्तरांनी एक नवी मुलगी आणली, वरच्या पट्टीतली, गोड. माझी गाणी कमी होत होत एकावर आली. मी ठरवलं, आता स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढायचा. बाईनं ऑर्केस्ट्रा काढायचा म्हणजे लोक तोंडावर हसले. जुन्यातलं कुणी माझ्याबरोबर आलं नाही. मामाही नाही. "मास्तरला म्हातारपणी कुठं सोडू," एवढंच म्हणाले. मला राग आला, पण खरा जीव अडकला होता तो गिटारीत. तपकिरीशिवाय मी पुन्हा घोगरीच होणार होते. माझ्याकडे बेस वाजवायला कारखान्यात लेथवर काम करणारा एक टर्नर मिळाला होता, हात चांगला, पण त्याची गिटार मामांनी पायरीवर उभी केली नसती.

पहिल्या कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस मामा घरी आले. हातात पेटी. मला वाटलं, घेतली असेल नवी कुठली, आता दात दाखवतील. पेटी दारात ठेवली. चहाला थांबा म्हटलं तर म्हणाले, "दुकान उघडं टाकून आलोय." आणि गेलेसुद्धा. यांनी दुकानाची कधी काळजी केली होती? मी चरफडत पेटी उघडली. आत तपकिरी होती आणि तिला तिचा जुना चामडी पट्टा तसाच लावलेला होता. तो काढून घ्यायला मामा विसरले असतील म्हणून मी रस्त्यावर धावले. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर मला उमजलं आणि पाय तिथंच थांबले. मला सख्खा मामा नाही. मी रस्त्यात उभी राहून रडले.

पण हा माणूस सरळ वागेल तर शपथ. पुढच्या दसऱ्याला सोनं द्यायला आले ते काखेत एक गिटार मारूनच. "आक्का, हिच्याबरोबर बदलतीस का तपकिरी?" आंदण दिलेली वस्तू हा माणूस परत बदलून मागत होता. मी चांगलं झापलं. मामा खूश होऊन गेले. पुढच्या दसऱ्याला पुन्हा नवी गिटार, पुन्हा तेच. माझा ऑर्केस्ट्रा चालला, टर्नर पक्का झाला, मला लोक माझ्या आवाजासाठी बोलवायला लागले, आणि दर दसऱ्याला मी आपट्याची पानं हातात घेऊन "नाही" म्हणत राहिले.

एका दसऱ्याला ते आले नाहीत. मी तपकिरी घेऊन शाहूपुरीत गेले. मामा दुकानामागच्या खोलीत अंथरुणावर होते, फार वाळले होते. खुंट्यांवरचे पट्टे तसेच लटकत होते. मी गिटार भिंतीला उभी केली. "तोंड बघू," मामा म्हणाले, पण हात उचलेना. मग मीच एकेक खुंटी पिळून दाखवली. "चौसा हाय," ते म्हणाले. "तशीच हाय अजून." मग त्यांनी मामींकडे पंचा मागितला. मामी म्हणाल्या, "आता तरी गप पडा की." तरी दिला.

मामांनी पंचा आमच्या हातांवर टाकला आणि तोंडानं माझ्या टर्नरची खुशाली विचारली. आत एक बोट दाबलं. मी म्हटलं, "नाही, मामा." दोन बोटं दाबली. "नाही." मग त्यांनी सगळा पंजा माझ्या हातावर ठेवला. दाबायची ताकद नव्हती, नुसता ठेवला. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. मास्तरांचाच असणार.

"नाही," मी म्हटलं. पण हात काढून घेतला नाही. मामी चहा घेऊन आल्या तरी आमची बोलणी चालूच होती.