विहीणबाईंचे सिम

विहीणबाईंच्या साखरेचा आकडा डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी त्यांच्या मुलाला दिसेनासा झाला आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत तो धड दिसला नाही. विहीणबाई तेव्हा यवतमाळला आमच्या घरी होत्या. मुलगा, म्हणजे आमचा जावई, नेदरलँड्समध्ये होता.

विहीणबाई डच आहेत, सत्तरीच्या. मधुमेह लहानपणापासूनचा, इन्सुलिन रोजचे. त्यांच्या दंडाच्या मागे रुपयाएवढी पांढरी चकती चिकटवलेली असते. ती साखर मोजून आकडा त्यांच्या फोनला देते आणि फोन तो इंटरनेटवरून मुलाला पाठवतो. साखर फार उतरली की फोन वाजतो. पण झोपताना विहीणबाई कानातले यंत्र काढून ठेवतात, त्यामुळे तो वाजून उपयोग नसतो. तिकडे त्या एकट्या राहतात. वेळ आलीच तर मुलगा फोन करून शेजारणीला त्यांच्या दारात पाठवतो. इथे शेजारणीच्या जागी आम्ही होतो. आकडा सतत दिसला पाहिजे, एवढ्या अटीवर त्याने आईला एकटीने येऊ दिले होते.

त्या कापूस पाहायला आल्या होत्या. हयातभर त्यांनी शिवणकाम शिकवले, पण झाडावरचा कापूस पाहिला नव्हता. नेरजवळ माझ्या धाकट्या भावाचे शेत आहे. वेचणी सुरू होती. बुधवारी तिथे जायचे ठरले होते.

नागपूरच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांसाठी सिम मिळते का, हे विचारायचे राहून गेले. हार, फोटो आणि सामान यात आम्ही बाहेर पडलो. त्यांचे तिकडचे सिम इथे चालत नव्हते. घरचे इंटरनेट रस्त्याच्या खोदकामात तुटलेले होते. म्हणून त्यांचा फोन माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर जोडला आणि प्रश्न मिटला असे समजून मी दूध आणायला निघालो. माझा फोन माझ्या खिशात होता. डेअरीवर पोहोचण्याआधीच जावयाचा फोन आला.

"बाबा, आईचा आकडा गेला."

संध्याकाळी भाजीला गेलो तेव्हा पुन्हा तेच झाले. सोमवारी सकाळी विहीणबाई एकट्याच फिरायला बाहेर पडल्या, तेव्हा तिसऱ्यांदा. या वेळी जावई शांतपणे बोलला. मंगळवारचा पूर्ण दिवस आकडा दिसला तर आईने नेरला जावे. नाही तर तो नागपुरात हॉटेल घेईल आणि परतीचे तिकीट अलीकडे आणेल. विहीणबाईंनी हे ऐकले आणि चहाचा कप ओट्यावर नेऊन ठेवला.

आकड्याने आमच्या घरातही एकदा घबराट केली होती. रविवारी जेवताना विहीणबाईंनी फोन दाखवला. त्यावर सात होते. माझ्या पत्नीच्या हातातली पोळी तशीच राहिली.

"सात? अवो, सात साखरेवर माणूस उभं तरी राहते का? साखरेचा डबा आणा आधी!"

तिकडचे माप वेगळे आहे, त्यांचे सात म्हणजे आपले सव्वाशेच्या आसपास, हे मी सांगितले. पत्नीने डबा तरीही त्यांच्या ताटाजवळ ठेवला.

सोमवारी सकाळी सिमची चौकशी सुरू केली. यवतमाळात वेगवान कोणते, हे सांगायला सगळेच तयार होते. जावयानेही इंटरनेटवरून तुलना करून एक नाव कळवले. पण बुधवारी आकडा जायचा होता नेरच्या शेतातून, आणि तिथली माहिती कोणत्याच तुलनेत नव्हती. मी भावाला फोन केला.

"दादा, वावरात सगळ्या कंपन्याईची रेंज कायले येईन?" तो म्हणाला. "माहा फोन विहिरीपाशी लागते. माही बायको आंब्याखाली जाऊन बोलते."

"कापसात कोणाचा लागतो?"

"कापसात मी काम करतो, फोनवर बोलत नाही."

"आता जाऊन बघ."

"आत्ता? जेवून राह्यलो ना मी!"

तरीही तो गेला. स्वतःचा, बायकोचा आणि शेजारच्या शेतकऱ्याचा, असे तीन कंपन्यांचे तीन फोन घेऊन तो पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळींतून फिरला आणि प्रत्येकावरून मला व्हिडिओ कॉल लावत गेला. पहिल्या फोनवर त्याचा चेहरा थिजला. दुसरा लागलाच नाही. तिसऱ्यावर तो, मागचा कापूस आणि हसणाऱ्या दोन वेचणाऱ्या बाया स्पष्ट दिसल्या.

"भाऊ येडा झाला का म्हून विचारून राह्यल्या ह्या," तो म्हणाला.

तिसऱ्या फोनची कंपनी घ्यायची असे ठरले. जावयाने सुचवलेली ती नव्हती. यवतमाळात तिचा वेग बेताचाच होता, पण आकडा पाठवायला वेग लागत नाही.

चौकातल्या दुकानदाराने पासपोर्ट उलटापालटा करून पाहिला. परदेशी माणसाचे सिम त्याने कधी दिले नव्हते.

"काका, कायले भानगडीत पडता? तुमच्या आधारवर काढू. अंगठा लावा, दोन मिनिटांचं काम."

ज्याचे सिम त्याच्याच नावावर असावे, असे मी म्हटले. तो म्हणाला, "पाहुण्याले आपण गादी देतो, गाडी देतो, सिमच नाही देत का?" बोलणे आपुलकीचे होते. आम्ही मात्र ऑटो करून कंपनीच्या स्वतःच्या दुकानात गेलो. तिथे पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती घेतल्या, विहीणबाईंचा फोटो काढला, आमचा पत्ता लिहिला आणि ओळखीचा माणूस म्हणून माझ्या फोनवर आलेला ओटीपी विचारला. प्रीपेड योजना अठ्ठावीस दिवसांची होती. मुक्काम तीन आठवड्यांचा होता. सिम दुपारी चारपर्यंत सुरू होईल, असे सांगण्यात आले. तोपर्यंत तिकडचे सिम फोनमध्येच राहू द्या, असेही.

आमच्याकडे घरात आलेली नवी वस्तू आधी देवापुढे जाते. मिक्सर गेला होता, माझी दुचाकी दारात उभी करून तिला कुंकू लागले होते. सिमही गेले. पत्नीने त्याला ओले कुंकू लावले, दोन अक्षता वाहिल्या आणि चारनंतर ते वरवर पुसून विहीणबाईंच्या हातात दिले. विहीणबाईंनी नमस्कार करून घेतले.

फोनवर "सिम नाही" असे आले. फोन बंद करून पुन्हा सुरू केला. तेच. दुकानात विचारले, तर त्यांच्याकडे सिम सुरू दिसत होते. सिम माझ्या फोनमध्ये घातले, तिथेही तेच. जावयाचा संदेश आला: हॉटेल बघू का? विहीणबाई खुर्चीत बसून होत्या. त्यांनी मला विचारले, कापसाची बोंडे जानेवारीतही झाडावर असतात का? असतात थोडी, असे मी सांगितले. पण आता परत गेल्यावर मुलगा पुन्हा येऊ देणार नाही, असे त्या म्हणाल्या.

पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एकदम म्हणाली, "अवो, पण मी कुंकू कोणत्या बाजूला लावलं?"

मी सिम बाहेर काढले. सोनेरी पट्ट्यांवर लाल थर वाळला होता.

"ती पिवळी बाजूच मला समोरची वाटली," ती म्हणाली. "देवाला काय पाठ दाखवायची सिमची?"

मी हे इंग्रजीत सांगितले तेव्हा विहीणबाई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. चष्म्याच्या मऊ कापडाने, अगदी हलक्या हाताने, त्यांनी सोनेरी पट्ट्या पुसल्या. कुंकू कापडावर उतरत गेले. सिम पुन्हा घातले. कंपनीचे नाव उमटले, शेजारी रेंजच्या दोन काड्या आल्या. मी माझा हॉटस्पॉट बंद केला. थोड्या वेळाने जावयाने कळवले की आकडा दिसतो आहे.

मंगळवारी मी दुधाला गेलो, भाजीला गेलो, मुद्दाम लांबच्या दुकानात दाढीही करून आलो. जावयाचा एकही फोन आला नाही. विहीणबाई सकाळी फिरून आल्या, तेव्हाही नाही. रात्री त्याने नेरला जायला हरकत नसल्याचे कळवले. पत्नीने ते वाचले आणि पहिल्यांदाच साखरेचा डबा फळीवर परत ठेवला.

बुधवारी आम्ही नेरला पोहोचलो. भावाने शेताच्या एका टोकाला काठी रोवून तिला फडके बांधले होते.

"इथून म्होरं रेंज पडते," तो माझ्या पत्नीला म्हणाला. "विहीणबाईले सांग, कापूस दोन्हीकडं सारखाच हाये."

पत्नीने खुणांनी सांगितले. विहीणबाईंनी मान हलवली. वेचणाऱ्या बायांनी त्यांच्या कमरेला कापूस भरायला कापडाची ओटी बांधून दिली. त्या ओळीने वेचत गेल्या, बोंड उघडून सरकी चाचपत, धागा बोटांत ओढून पाहत, आणि काठी ओलांडून पलीकडे पोहोचल्या. भावाने कपाळाला हात लावला. मी त्यांच्या मागे गेलो. त्यांच्या फोनवर एकही काडी नव्हती. आकडा मात्र दिसत होता, सहा पूर्णांक नऊ. त्यांना घेऊन मी काठीच्या अलीकडे आलो. काड्या परत आल्या. मधल्या वेळेचे साठलेले आकडे आपोआप जावयाकडे गेले.

जावयाचा फोन आला नाही. संदेश आला. त्यात सहा पूर्णांक नऊ हा आकडा होता आणि आईच्या ओटीतल्या कापसाचा फोटो मागितला होता.