कॉक्स-टू आणि आमचा कट्टा

माधव गेल्याचा निरोप सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर आला आणि खाली लगेच 'कर्करोगाशी झुंजलेला योद्धा' सुरू झालं. त्याने वाचलं असतं तर म्हणाला असता, "झुंजलो कधी? सलाईन लावून पडलो होतो की!"

माधव कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचा. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाल्यावर गंगापूर रोडच्या कट्ट्यावर आम्ही पडलेल्या चेहऱ्यांनी बसलो होतो आणि हा मात्र उत्साहात सांगत होता... सूज आली की कॉक्स-टू नावाचं एन्झाइम जोरात कामाला लागतं, सूज टिकवणारी रसायनं बनवतं. आतड्याच्या पुष्कळ गाठींत ते भरपूर सापडतं, गाठ वाढायला मदत करतं असं दिसतं. ॲस्पिरिनची गोळी त्याला अडवते. "पण कुणी घ्यावी, किती घ्यावी, अजून वाद आहेत," तो शेवटी म्हणाला. ते शेवटचं कुणी ऐकलंच नाही. पुढच्या आठवड्यात अर्धा कट्टा ॲस्पिरिनवर होता.

मग एका सकाळी सलीमभाई, आमचे मालेगावचे कापडवाले, चालता चालता मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक.

"पोट जळतंय, मास्तर. शी पण काळी होते."

"काय घेताय?" माधवने विचारलं.

"तुमचीच गोळी. जादा फायदा म्हणून दोन."

स्वतःच्या रिपोर्टनेही न घाबरलेल्या माधवला मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. "अहो, मी प्रश्न सांगितला होता, तुम्ही उत्तर समजून गिळलात!" केमोने थकलेला हा माणूस सलीमभाईंना धरून रिक्षात बसला. जठरात रक्त वाहणारी जखम निघाली. त्याच एन्झाइमचा भाऊ, कॉक्स-वन, जठराचं अस्तर सांभाळतो. गोळी दोघांनाही अडवते. सलीमभाई वाचेपर्यंत माधव हॉस्पिटलच्या बाकावरून हलला नाही. नंतर कट्ट्यावरच्या एकेकाच्या घरी गेला. ज्यांना डॉक्टरांनीच हृदयासाठी ही गोळी दिली होती, त्यांच्याकडून ती परस्पर बंद करायची नाही, हे वदवून घेतलं. बाकीच्यांच्या गोळ्या काढून घेतल्या.

परवा सलीमभाईंनी मला विचारलं, "मास्तरांच्या गाठीत ते कॉक्स-टू होतं का हो?"

मी इंजिनिअर. घसा साफ करून सुरुवात केली, "असं आहे, साधारणपणे..."

"माहीत नसेल तर नाही म्हणा ना. मास्तर तसंच म्हणायचे."

"नाही माहीत."

सलीमभाई खूश झाले. "चला मग," म्हणाले, "कुणाला विचारायचं?"