वाळूच्या दोन बादल्या

आमच्या वारज्याच्या सोसायटीत फळ्यावर सूचना लिहायचं काम सेक्रेटरीकाका स्वतः करत. सुवाच्य अक्षरात अपमान करणं हा त्यांचा छंद होता. त्या वर्षी गुढीपाडव्याच्या महिनाभर आधी त्यांनी लिहिलं : "आवारात वाहने उभी करण्यास हरकत नाही. परंतु जी केवळ उभीच असतात त्यांस वाहन म्हणत नाहीत. अशी अडगळ पाडव्यापर्यंत स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर जाऊन परत न आल्यास भंगारवाल्यास बोलावण्यात येईल." मी जाब विचारायला गेले तर म्हणाले, "आपल्या गाडीबद्दल नाही हो लिहिलं. पण आवारात तशी एकच आहे, त्याला मी काय करू?"

गाडी बाबांची. छोटी, विलायती, गोल दिव्यांची. मी शाळेत असताना, बदली होऊन चाललेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून बाबांनी ती घेतली होती. तेव्हा आम्ही खडकीला क्वार्टर्समध्ये राहायचो आणि बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, वारज्याला फ्लॅट घेतला, गाडी टेम्पोला बांधून इथे आणली आणि वर्षभरात आई गेली. त्यानंतर बाबा जिना उतरायचे ते फक्त गाडीसाठी. तिचं बॉनेट उघडायचे, काहीतरी पुसायचे, बंद करायचे. गाडी गेली असती तर बाबा घराबाहेरच पडले नसते, आणि मला त्याची भीती वाटायची. हे फळ्यावर कुठे लिहिणार?

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. शतक संपत आलं होतं आणि आम्ही दिवसभर जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं चार आकडी करत बसायचो. सूचना लागल्यापासून माझे रविवार गाडीखाली जायला लागले. इंजिन बाबांनी केव्हाच चालू केलं होतं. अडलं होतं ते पुढच्या डाव्या चाकापाशी. तिथली रबरी बुशं पार चेपली होती, चाक आत कललं होतं आणि गाडी जरा हलवली की टायर पत्र्याला घासायचा. बुशं मी जुन्या बाजारात उन्हातान्हात फिरून मिळवली. ती बसवायची तर चाक धरून ठेवणारा आर्म काढायला हवा, आणि आर्म काढायचा तर त्याचे बोल्ट. एक सोडून सगळे निघाले.

त्या एका बोल्टानं आमचा अंत पाहिला. नट निघाला होता, पण बोल्ट बुशाच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झाला होता. पाना लावून जोर केला की तो फिरायचा, वाटायचं, सुटला! आणि पाना सोडला की रबराच्या पिळानं परत जागच्या जागी. डिझेल पाजून झालं, ऑइल पाजून झालं, पान्याला लांब पाइप जोडून मी त्यावर लोंबकळूनही झाले. बोल्ट ढिम्म.

बाबांची रीत निराळी होती. त्यांच्याकडे एक पितळी हातोडी होती. कारखान्यात लोखंडावर लोखंड आपटायचं नाही, ठिणगी उडते, म्हणून हत्यारं पितळेची. काडेपेटी फाटकावरच काढून ठेवायची. ही शिस्त बाबांच्या अंगात अशी मुरली होती की ती घरीही त्यांच्याबरोबर यायची. बाबा गॅस पेटवत नसत. उदबत्ती लावत नसत. दिवाळीत आम्ही अंगणात फुलबाज्या लावायचो आणि बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत बसायचे. आई म्हणायची, "जगाला पुरेल एवढा दारूगोळा करता, आणि निरांजन लावायला बायको लागते." बाबा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "लागते."

आई गेल्यावर यातली गंमत संपली. सकाळी ऑफिसला निघताना मी चहा करून थर्मासमध्ये भरून ठेवायची, तोच बाबा दुपारी प्यायचे. देवापाशी दिवा लागायचा तो मी घरी आल्यावर. मला उशीर झाला की देव अंधारात. एकदा मी दमून आले होते, ताडकन बोलले, "बाबा, एक काडी ओढायला काय जातं हो?" ते म्हणाले, "तुझी आई लावायची." हे काय उत्तर झालं? माझी नुसती आग आग झाली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. बोल्ट होता तिथेच होता. मी गाडीखाली झोपून पाना धरला होता आणि बाबा कडेला बसून, कुणाचं दार वाजवावं तसं पितळी हातोडीनं हळूहळू ठोकत होते.

"हायवेवरच्या गॅरेजवाल्याला बोलावते," मी म्हणाले. "तापवू दे त्याला."

"आग नको."

"मग उद्या भंगारवाला येऊ दे. गाडी गेलेली चालेल, पण आग नको, असंच ना?"

ठोकणं थांबलं. "आयुष्यभर आगीपासून लांब राहायचा पगार घेतला मी," बाबा म्हणाले. "एकदाच हातात घेतली. वैकुंठात, तुझ्या आईला अग्नी देताना. त्यानंतर हात होत नाही गं."

मला खालून त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या. इतके महिने मी ज्याला कारखान्याची खोड समजत होते, ते काहीतरी वेगळंच होतं, आणि ते मला दिसलं नव्हतं. मला रडू आलं. डोळ्यात गंज पडल्याचं निमित्त होतंच.

तरी मी गॅरेजवाल्याला बोलावलं, कारण दुसरा इलाज राहिला नव्हता. बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. गॅरेजवाला वारज्याचाच. शेत बिल्डरला दिल्यावर त्यानं हायवेला गॅरेज टाकलं होतं. तोंडात विडी आणि हातात ब्लो लँप घेऊन तो आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, पाच मिन्टाचं काम हाय. उगं एवढं झटत बसला." मग त्यानं ब्लो लँप टेकवला तो नेमका आमच्या पेट्रोलच्या कॅनशेजारी, आणि खिशातून काडेपेटी काढली.

"थांबा!"

बाबांचा हा आवाज मी खडकी सोडल्यापासून ऐकला नव्हता. त्यांनी आधी त्याला विडी विझवायला लावली. कॅन उचलून स्वतः पार फाटकापाशी नेऊन ठेवला. आवारात बांधकामाची वाळू पडली होती, तिच्या दोन बादल्या मला भरून आणायला सांगितल्या आणि गाडीच्या दोन बाजूंना ठेवल्या. एक पोतं भिजवून आणवलं. सेक्रेटरीकाका गंमत बघायला आले होते, त्यांनाही हातानं मागे सारलं.

"अहो, मी सेक्रेटरी आहे," काका म्हणाले.

"आग ते विचारत नाही," बाबा म्हणाले.

गॅरेजवाला हसला. "काका, एवढ्याशा जाळाला एवढी तयारी? आमी तर रोज करतो."

"रोज करता म्हणूनच सांगतोय. हे असं नाही करायचं. द्या इकडे, मी करतो."

पहिली काडी मोडली. दुसरी पेटली, पण लगेच विझली. गॅरेजवाला पुढे व्हायला लागला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. पुढची काडी बाबांनी दोन्ही हातांच्या आडोशात धरली. ती टिकली. ब्लो लँप सूं करून पेटला आणि बाबा भिजल्या पोत्यावर आडवे झाले. ज्योत नळीवर धरली तसा रबराचा काळा धूर निघाला आणि सगळ्या आवारात घाण वास सुटला. बाबांनी ज्योत जागची हलू दिली नाही. नळी लाल दिसायला लागल्यावर त्यांनी ज्योत विझवली, बोल्टाला पितळी दांडा लावला आणि ठोकलं. चार-पाच ठोक्यांनंतर आवाज बदलला. बोल्ट रेघभर सरकला, मग बोटभर, मग धूर सोडत खाली पडला. गॅरेजवाल्यानं कौतुकानं त्याला हात लावला आणि बोट चटकन तोंडात घातलं.

"गरम असेल," बाबा म्हणाले.

पाडव्याला दुपारी शेवटचा नट आवळला. उन्हं उतरताना बाबा स्टेअरिंगवर बसले, मी शेजारी. फाटकातून बाहेर पडलो, हायवेपर्यंत गेलो, वळलो आणि आलो. बाबांनी वळताना हात बाहेर काढून खूण केली, मागे कुणी नसताना. सेक्रेटरीकाकांनी फळा पुसला आणि लिहिलं : "आवारात एक वाहन वाढले आहे. सभासदांनी नोंद घ्यावी."

बाबा गुढी उतरवायला वर गेले आणि मी हत्यारं आवरत खाली थांबले. वाळूची एक बादली मला काही केल्या सापडेना. सोसायटीतल्याच कुणीतरी उचलली असणार म्हणून मी मनातल्या मनात दोन-चार जणांचा उद्धार केला आणि घरी गेले.

देवापाशी दिवा लागला होता. स्वयंपाकघरात उजेड होता. बाबा ओट्यासमोर ताठ उभे होते, समोर गॅसवर चहा उकळत होता, शेजारी फडकं भिजवून ठेवलेलं, आणि ओट्याखाली, अगदी हाताशी, वाळूची बादली. एवढी जड बादली त्यांनी जिन्यानं एकट्यानं वर आणली होती.

"लांब उभी राहा," बाबा मागे न वळता म्हणाले.

मी दारातच उभी राहिले. त्यांनी गॅस बंद केला, चहा गाळला आणि कप माझ्या हातात दिला. साखर घालायची राहिली होती. मी दोन कप प्यायले.